७२ टाक्यांची टोपी

डोक्यावर केस असलेल्या माणसाला टोपीतलं फारसं काही कळत नाही. फुशारकी म्हणून नव्हे, दहा-बारा वर्षांच्या टकलाच्या अनुभवावरून सांगतोय. टोपीत गाठ असो, जाड शिवण असो, विणीत भोक असो, केस सगळं पोटात घालतात. टक्कल काहीही पोटात घालत नाही. वारा कुठल्या भोकातून आत आला, ते मी डोळे मिटून बोट ठेवून दाखवू शकतो.

विकतच्या टोप्यांशी माझं जमलं नाही ते यामुळेच. गुळगुळीत डोकं आणि गुळगुळीत ॲक्रिलिक. घरातून निघताना कानावर ओढलेली टोपी चालता चालता वर सरकते आणि दहा मिनिटांत दोन्ही कान उघडे टाकून शेंड्यावर जाऊन बसते. पहाटे साडेपाचला फिरायला जाणाऱ्याचे कान हीच तर नाजूक जागा. दोन हिवाळे एका हातानं टोपी खाली ओढत काढले, मग ताईला म्हटलं, एक टोपी विणून दे. ताईचा क्रोशातला हात चाळीस वर्षांचा. ती म्हणाली, "देणार नाही. शिकवीन. सुई घेऊन ये."

वय ५८. हातात आजवर पेनाखेरीज काही टोकदार धरलेलं नाही. पण शिकलो. साखळीचा टाका दोन दिवसांत जमला, खांबाचा आठवड्यात. त्यानंतर मला आत्मविश्वासाचा झटका आला आणि ताईला न विचारता इंटरनेटवरचा एक नमुना उतरवून घेतला. त्यात म्हटलं होतं, सगळीकडे डबल क्रोशे हाच टाका. शिकवणीच्या व्हिडिओत पाहिलं होतं तेच डबल क्रोशे मी इमानेइतबारे घालत गेलो. टोपी उंच होत होत अशी काही वाढली, की मुलगी म्हणाली, "बाबा, ही टोपी आहे की किटलीवरची टीकोजी?"

घोटाळा असा होता, की ब्रिटिश लोक ज्याला डबल म्हणतात त्यालाच अमेरिकन सिंगल म्हणतात. नमुना ब्रिटिश, व्हिडिओ अमेरिकन. अमेरिकन डबल म्हणजे ब्रिटिशांचा ट्रेबल. नाव तेच, टाका बराच उंच. ताईला हे सांगितलं तर तिला आश्चर्यही वाटलं नाही. "मुका खांब म्हण, अर्धा खांब म्हण, खांब म्हण. भांडणच नको." खरंच आहे. आपल्याकडचे हे तीन शब्द डोळ्यांसमोर टाका उभा करतात. मुका सर्वांत बुटका आणि घट्ट, खांब उंच, अर्धा मधला. तेव्हापासून कुठलाही नमुना आधी या तीन शब्दांत लिहून काढतो, मग सुईला हात लावतो.

ती टीकोजी मी तरीही एक दिवस घालून फिरायला गेलो. खांबाखांबांमध्ये फटी असतात. नक्षीला त्या शोभतात, वाऱ्यालाही आवडतात. डोक्यावर बारीक चाळणी ठेवून चाललो होतो म्हणा ना.

मग दुसऱ्या टोकाला गेलो. फटी नकोत तर नकोत. साडेतीन मिलिमीटरची बारीक सुई घेतली, जाड लोकर घेतली आणि सगळा मुका खांब, तोही दात-ओठ खाऊन. आठ दिवसांनी जे तयार झालं ते टेबलावर आपल्या पायांवर उभं राहत होतं. ताईनं त्यावर बोटानं टकटक केली. "टाक्याचा गळा कशाला दाबतोस?" मला वाटलं होतं, घट्ट म्हणजे ऊबदार. तसं नसतं. ऊब लोकर देत नाही, लोकरीत अडकलेली हवा देते. लोकरीचा तंतू मुळातच कुरळा असतो. ते कुरळेपण मोकळं राहिलं की प्रत्येक धाग्याच्या आत आणि दोन धाग्यांच्या मध्ये हवेचे बारीक कप्पे तयार होतात. ती हवा हलत नाही, म्हणून डोक्याची उष्णता बाहेर जात नाही. मी धागा इतका आवळला होता, की हवेला जागाच ठेवली नव्हती. म्हणजे पहिल्या टोपीत हवा फिरत होती आणि दुसरीत नव्हतीच. हवी ती मधली अवस्था, हवा आहे पण कोंडलेली. तिला उत्तर अर्धा खांब आणि पाच मिलिमीटरची सुई.

जाता जाता एक. शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते, हे लहानपणापासून ऐकलेलं वाक्य मी टोपीच्या समर्थनार्थ घरात बरेचदा फेकत असे. ते खरं नाही. २००८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये दोन डॉक्टरांनी अशा प्रचलित समजुती तपासल्या, त्यात ही निकालात निघाली. डोकं शरीराच्या एकूण पृष्ठभागाच्या जेमतेम एक दशांश, उष्णताही साधारण त्याच हिशेबानं जाते. पण चेहऱ्याला आणि डोक्याला गारवा चटकन जाणवतो, हे मात्र खरं. त्यामुळे घरातला माझा युक्तिवाद पडला, टोपी टिकली.

लोकर निवडताना मी कंजुषी केली नाही. ॲक्रिलिक स्वस्त, मशीनमध्ये धुता येतं, पण ओलावा शोषत नाही. भरभर चालून घाम आला की टोपी आतून ओली आणि मग गार. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओलावा पिते, तरी हाताला ओली लागत नाही. सुती धाग्याचा विचारही नको, ताण खाऊन ढिला पडतो आणि परत जागेवर येत नाही. राहता राहिली खाज. ती लोकरीमुळे येते असं म्हणतात, पण खरं कारण जाडी. ३० मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतूंची टोकं वाकत नाहीत, कातडीला टोचतात. मेरिनो जातीच्या मेंढीच्या लोकरीचे तंतू सहसा २४ मायक्रॉनच्या आतले, ते टोचण्याऐवजी वाकतात. दुकानात गुंडा गालाला लावून बघतात. मी सरळ डोक्याला लावला. दुकानदार दुसरीकडे बघू लागला.

आता गणित. मला टोपीतला हाच भाग सगळ्यांत आवडला, आणि ताईला या भागात अजिबात रस नाही. ती डोक्याकडे एकदा बघते आणि सुरू करते. मला आकडे लागतात.

कपाळावरून, कानांच्या वरून, मागच्या उंचवट्यावरून टेप फिरवली. ५६ सेंटिमीटर. टोपी ५६ची केली तर ती डोक्यावर नुसती ठेवल्यासारखी बसते, धरून ठेवत नाही. विणीला थोडं ताणावं लागलं पाहिजे. चार सेंटिमीटर वजा केले, ५२ उरले. गोल टोपी म्हणजे आधी एक सपाट चकती आणि मग तिच्या कडेनं सरळ खाली उतरणारी भिंत. चकतीचा परीघ ५२ हवा, म्हणजे व्यास ५२ भागिले ३.१४, साडेसोळा सेंटिमीटर. चकती साडेसोळाची झाली की वाढवणं थांबवायचं. इतकं साधं.

तेवढ्यानं टाके किती ते कळत नाही. त्यासाठी आधी एक चौकोनी तुकडा विणायचा, तो धुवायचा, वाळवायचा आणि मधल्या १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजायचे. हा तुकडा टाळावासा वाटतो. पहिल्या दोन्ही वेळा मी टाळला होता. माझे १४ अर्धे खांब आले. ५२ सेंटिमीटरला ७२.८. आता गंमत बघा. अर्ध्या खांबाची चकती सपाट राहायला पहिल्या फेरीत ८ टाके घालतात आणि पुढच्या प्रत्येक फेरीत ८ वाढवतात. ८, १६, २४, ३२, ४०, ४८, ५६, ६४, ७२. नवव्या फेरीत बरोबर ७२! माझ्या ९ फेऱ्यांची चकती फूटपट्टीवर ठेवली, साडेसोळाला एखादा केस जास्त. (केसाचा हिशेब मी करावा, हेही आहेच.) त्या रात्री मी ही बातमी घरात प्रत्येकाला स्वतंत्रपणे सांगितली. कुणी फारसं हललं नाही.

चकतीच आपल्याला काय चुकलं ते सांगते. कडा झालरीसारखी लहरायला लागली की टाके जास्त झालेत. वाटीसारखी वर वळायला लागली की कमी पडलेत. माझी पाचव्या फेरीपर्यंत सपाट होती, पण गोल नव्हती, अष्टकोनी होती. कारण दर फेरीत वाढीचा टाका आधीच्या वाढीच्या डोक्यावरच येत होता, त्यामुळे आठ कोपरे पडले. एका आड एक फेरीत वाढ दोन-तीन टाके पुढे सरकवली, कोपरे मिटले. फेरीची सुरुवात कळावी म्हणून तिथे वेगळ्या रंगाच्या धाग्याचा तुकडा अडकवून ठेवतो. तो तुकडा दर फेरीला उजवीकडे झुकत जातो. त्याचीही मला दोन दिवस काळजी लागली होती. न उलटता गोल गोल विणलं की उजव्या हाताच्या माणसाचे टाके तिरपे पडतातच, त्याला इलाज नाही आणि गरजही नाही.

भिंतीच्या फेऱ्यांत ताईनं एक गोष्ट दाखवली, ती हातात हात धरूनच दाखवावी लागते. अर्धा खांब घालताना धागा सुईवर एकदा गुंडाळायचा, टाक्यात सुई घालून धागा वर आणायचा, सुईवर तीन फास होतात, आणि त्या तिन्हींतून एकदम धागा ओढायचा. झालेल्या टाक्याच्या माथ्यावर दोन पदर दिसतात, ते सगळ्यांना माहीत. पण मागच्या बाजूला, जरा खाली, तिसरा एक आडवा पदर असतो, तो त्या गुंडाळलेल्या धाग्याचा. टोपी पुढे वाकवल्याशिवाय दिसत नाही. माथ्यावरचे दोन्ही पदर सोडून सुई त्या तिसऱ्यात घातली, की ते दोन पदर पुढच्या अंगाला लोळण घेतात आणि टोपीभोवती वेणीसारखी आडवी रेघ उठते. क्रोशा वाटतच नाही, दोन सुयांवर विणल्यासारखं दिसतं. शिवाय त्या रेघेमागे वीण जाड होते आणि हवा कोंडायला आणखी एक जागा मिळते. टाका जरा उंच होत असल्यामुळे ठरवलेल्या सातऐवजी सहाच फेऱ्या पुरल्या.

शेवटी कानावरची पट्टी. ती आडवी नाही, उभी विणायची. १६ टाक्यांची छोटी ओळ, उलटायचं, परत १६, आणि प्रत्येक टाका फक्त मागच्या पदरात. उंचवटा-खाच, उंचवटा-खाच अशी पट्टी होते आणि ती रबरासारखी ताणते. मोजून ४८ सेंटिमीटर केली, म्हणजे टोपीच्या घेरापेक्षाही चार कमी, आणि जराशी ताणत टोपीला शिवली. रुंदी ११. ती अर्ध्यावर मुडपली की कानांवर दोन थर येतात. टोपी आता वर सरकत नाही. चालून, वाकून, एकदा बससाठी धावूनही बघितलं.

दिसण्याचं खातं मुलीकडे होतं. मी सगळी टोपी करड्या रंगाची करणार होतो. तिनं मुडपलेली पट्टी मोहरी रंगाची करायला लावली आणि मला मान्य करावं लागतंय, की त्या एका पट्टीनं टोपीला रूप आलं. गोंड्यावरून मात्र अजून मिटलेलं नाही. तिला शेंड्यावर मोठा गोंडा हवाय. माझं म्हणणं, गोंडा बाहेरून दिसतो पण त्याची गाठ आतून माझ्या टाळूवर बसणार. ती म्हणते, गाठीऐवजी बटण लाव. बटण काय मऊ असतं?

ताईनं तयार टोपी हातात घेतली, ती पहिल्यांदा उलटी केली. जाणकार माणसं उलटी बाजूच बघतात. धाग्यांची टोकं कशी दडवलीत, शिवण कशी आहे, ते चाचपलं. म्हणाली, "बरी आहे." चाळीस वर्षांच्या अनुभवातून आलेलं "बरी आहे" म्हणजे काय, ते मला कळतं.

फक्त एक जागा तिच्या बोटांतून निसटली. करड्या गुंड्यातच मध्ये एक गाठ होती. कारखान्यात धागा तुटला की तसं जोडून देतात. गाठ आली की तिथे कापायचं आणि नव्यानं धागा जोडून टोकं विणीत दडवायची, हे तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी रात्री साडेअकराला विणत होतो, आकडे जुळत आले होते, गाठ तशीच टाक्यात ओढून घेतली.

ती सहाव्या फेरीत आहे, टाळूच्या थोडी डावीकडे, ज्वारीच्या दाण्याएवढी. काढायची तर पट्टी सोडवावी लागेल आणि नऊ फेऱ्या उसवाव्या लागतील. रोज पहाटे फाटकापाशी पोचेपर्यंत ती मला दोनदा तरी भेटते. ताईला अजून सांगितलेलं नाही.