गाणी रेकॉर्ड का करत नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

"सगळी गाणी एकदाची रेकॉर्ड करून का टाकत नाही तुम्ही?"

हे मला कॉलेजातली पोरं विचारतात, प्रबंधासाठी डहाणूपर्यंत आलेल्या मॅडम विचारतात, तारपा स्पर्धेचे संयोजक विचारतात. हल्ली माझा सख्खा भाऊही विचारतो. विचारणाऱ्याला कळकळ असते, हे मला कळतं. पण प्रश्नाच्या पोटात एक ठपकाही असतो: तुम्ही वारली, तुमच्या घरात तुमची आत्या धवलेरी, म्हणजे गाऊन लग्न लावणारी बाई, होऊन गेली, तुम्ही शिकलेल्या, शिक्षिका, हातात मोबाईल, आणि तरी गाणी मरू देताय. तो ठपका ऐकून मी बरेचदा गप्प बसले. आता लिहूनच टाकते.

तारपा म्हणजे आमचं फुंकून वाजवायचं वाद्य, चौक म्हणजे लग्नात भिंतीवर काढायचं चित्र. त्यापुढे सांगत बसत नाही. एवढंच म्हणते की "सगळी गाणी" असं काही नसतं. तारप्याला शब्दच नसतात. भगत, म्हणजे आमचा पुजारी, घांगळी या तंतुवाद्यावर कणसरी या धान्यदेवीची कथा सांगतो ती नव्या दाण्याची. थाळीवर काडी ओढत सांगितलेली कथा रात्रभर चालते. पोरांची खेळातली गाणी वेगळी, लावणीच्या चिखलातली वेगळी. ही पोरांची आणि शेतातली गाणी मी स्वतः शाळेत मुलांकडून म्हणवून घेते, वहीत उतरवते, मोबाईलवरही घेते. तारपा नाचाचं शूटिंग करायलाही माझी ना नाही, तो उघड्यावर, सगळ्या गावासमोर होतो. फक्त गावात होतो तसा घ्या. गावात तारपकरी मधोमध असतो, साखळी त्याच्याभोवती फिरते आणि सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे असतात. स्टेजवर पाहुण्यांकडे पाठ होऊ नये म्हणून ती साखळी मध्येच उघडतात आणि तारपकऱ्याला कडेला उभं करतात. मग पोरं कुणाकडे बघून पाय टाकणार? २६ जानेवारीला हे दर वर्षी बघते आणि दर वर्षी जीव तुटतो.

माझं "नाही" आहे ते धवलेरीच्या गाण्यांपुरतं. ती लग्नात म्हणायची गाणी आहेत असं लोक समजतात. आमच्याकडे तीच लग्न लावतात. सवाष्णी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात, धवलेरी शेजारी बसून एकेका देवाला बोलावते, मागच्या बाया झील धरतात, म्हणजे मागून साथीला गातात. देव येऊन चौकात बसले की पुढचं होतं.

मी दहावीची परीक्षा देऊन घरी आले होते तो उन्हाळा. मुंबईहून एक पथक आलं होतं, आदिवासींच्या लग्नविधीचं चित्रीकरण करायला. खरं लग्न गाठायचं तर थांबावं लागणार, त्यात लग्नघरात उजेड नाही, म्हणून त्यांनी एका आश्रमशाळेच्या वर्गात सगळं उभं करायचं ठरवलं. बाक बाहेर काढले. एका भिंतीला गेरू लावला. शेणाने सारवू का म्हणून बायांनी विचारलं तर नको म्हणाले, वास येतो. आत्याला जीपने आणलं. तिच्याबरोबर झील धरणाऱ्या दोघी होत्या. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या बाया सवाष्णी झाल्या. नवरी म्हणून मी बसले.

मला कुणी ढकललं नव्हतं, मीच पुढे झाले होते. मुंडावळ्या बाजारातून आणलेल्या, हळद खरी. आत्या दारातून आत आली, मला बघितलं आणि तिथेच थांबली.

"हिचं लगीन?"

"नाही हो आजी, नुसतं दाखवायला," पथकातले साहेब म्हणाले.

ती बसली. बायांनी बांबूची काडी पिठात बुडवली, चौकाची पहिली रेघ ओढली आणि आत्याने सुरुवात केली. थोडं पुढे गेल्यावर एकाने हात वर केला. पंख्याचा आवाज येतोय. पंखा बंद, पुन्हा पहिल्यापासून. मग बाहेर एसटीचा हॉर्न वाजला. पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक वेळी सवाष्णींचेही हात थांबवले जात, कारण भिंत गाण्याच्या पुढे जायला नको. आत्याने तिसऱ्यांदा देवांना बोलावलं. गावदेव झाला, हिमाय झाली, धरतरी झाली. या वेळी कुणी अडवलं नाही, ती स्वतःच थांबली.

"पुढे म्हणा ना."

"पुढं पोरीचं नाव येतं. बापाचं येतं."

बाप म्हणजे तिचा भाऊ.

"मग घ्या की नाव."

"घेतलं की लगीन लागलं."

कोणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत, हे सांगायला हवं. त्यांनी नीट समजावलं, आजी, दुसरं कुठलंही नाव घ्या, आम्हांला चालेल. आत्या म्हणाली, "दुसरी पोर कुठं हाय हितं?" मग भिंतीकडे हात केला. चौकाची चौकट एका बाजूने उघडीच राहिली होती. "आन बोलावलंय त्यांना बसवू कुठं?"

यावर कुणाकडे काही नव्हतं. मास्तर मला म्हणाले, सांग तिला, तुझं ऐकेल. मी सांगितलं. तिने ऐकलं नाही. उठली, पदराचं टोक पाण्यात भिजवलं आणि भिंतीवरच्या पांढऱ्या रेघा पुसून काढल्या. पुसताना हळू आवाजात बोलत होती. त्याला चाल नव्हती. ज्यांना बोलावलं होतं त्यांना ती परत पाठवत होती. कॅमेरा तोवर बंद केला होता.

परतीला जीप मिळाली नाही. स्टँडपर्यंत उन्हातून चालत गेलो. हळद माझ्या गळ्यावर तशीच होती. मी तिला वाट्टेल ते बोलले. तुझ्यामुळे मास्तरांसमोर माझी लाज गेली, तू टीव्हीवर आली असतीस, गाणं जगभर गेलं असतं, तुला काही कळत नाही. ती निमूट ऐकत होती. एसटीत बसल्यावर एवढंच म्हणाली, "तुझं लगीन मी लावीन, तवा ऐक."

माझं लग्न तिनेच लावलं. पण नवरीला कुठे काय ऐकू येतं? हळद, पाहुण्यांचा गलका, लहान पोरांची रडारड. तिने माझं नाव घेतलं तेवढं ऐकलं. पुढे काही वर्षांनी एका पावसाळ्यात ती गेली. तिचा आवाज कुठेही नाही.

म्हणून ती सोळा वर्षांची मी आजही माझ्याशी भांडते. म्हणते, त्या दिवशी तिने कुठलंही खोटं नाव घेतलं असतं तर आज तासभराचा आवाज असता. मी तिला सांगते, अगं, त्या पथकाने जे काही चित्रित केलं ते आमच्या गावात कुणी आजवर बघितलेलं नाही. तो तासभराचा आवाज आज कुठे असता, कुणाच्या कपाटात? ती म्हणते, निदान कपाटात तरी असता. या एका वाक्यावर माझं घोडं अडतं.

मला भीती कशाची वाटते ते चित्रांकडे बघून समजेल. १९७०च्या दशकात आमचं भिंतीवरचं चित्र कागदावर गेलं. गंजाडच्या जिव्या सोमा मशेंनी ते देशोदेशी नेलं, २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१४मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. याचा मला अभिमान आहे, तोंडदेखला नाही. चित्रांच्या पैशावर पोरं शिकली, घरं उभी राहिली, ते मी डोळ्यांनी बघितलंय. पण चौक काढणं हे सवाष्णींचं काम होतं, आणि गाणं चालू असल्याशिवाय चौक पुढे सरकत नसे. चित्र कागदावर आलं तेव्हा गाण्याची गरज उरली नाही. आज साडीवर, कपावर, रेल्वे स्टेशनच्या भिंतीवर वारली चित्र ओळखणारे लाखो लोक आहेत. ते काढताना शेजारी एक बाई गात असे, हे त्यांतल्या किती जणांना माहीत आहे? गाणंही असंच सुटं झालं तर कुठल्या तरी जाहिरातीमागे वाजेल आणि धवलेरी पुन्हा दाराबाहेर राहील.

आणि रेकॉर्ड करायचं ते कुठलं? प्रत्येक लग्नात गावदेव वेगळा, दोन्हीकडची माणसं वेगळी. सवाष्णींचा हात मंद असेल तर गाणं लांबतं. पुढची धवलेरी तयार होते ती मागे बसून, झील धरत, वर्षानुवर्षं. आत्याही तशीच शिकली. एक रेकॉर्डिंग "खरं" ठरलं की उद्या पोरी त्यावरून पाठ करतील आणि समोर बसलेल्या म्हातारीला सांगतील, तुमचं चुकलं.

हे सगळं बोलून झालं की माझ्याच लोकांचा विचार मनात येतो आणि आवाज खाली येतो. लांब लग्नाचं कौतुक मी कुठल्या तोंडाने करू? आमच्या आजे-पणजांनी लग्नासाठी सावकाराकडून, जमीनदाराकडून पैसे उचलले आणि त्यापायी नवरा-बायको दोघं त्याच्या शेतावर जन्मभर राबली. त्यांना लग्नगडी म्हणत. १९४५च्या वारली उठावात, किसान सभेच्या गोदावरी परुळेकरांच्या काळात, ती गुलामी मोडली. आजही पैसे नसतात म्हणून कितीतरी जोडपी आधी संसार करतात, पोरं होतात, मग जमेल तेव्हा लग्न लावतात. दिवाळीनंतर माणसं वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. अशा घराने सामूहिक विवाहात अर्ध्या तासात लग्न उरकलं तर मी नावं ठेवणार नाही. पण तिथे धवलेरीला जागा नसते, आणि तिच्यामागे बसून शिकणारीलाही नसते. गाणी जातात ती इथून जातात. रेकॉर्डर नसल्यामुळे जात नाहीत. तुम्हांला खरंच काही करायचं असेल तर धवलेरीला बोलावणाऱ्या घराचा खर्च थोडा हलका करा, तिला लुगडं आणि तांदूळ मानाने मिळू द्या.

यावर एकाने मला मणिपूरचं उदाहरण दिलं. चांदेल जिल्ह्यातले लमकांग लोक. सगळे मिळून दहा हजारांच्या आसपास. त्यांच्या भाषेतलं ध्वनिमुद्रण टेक्सासमधल्या एका विद्यापीठाच्या डिजिटल संग्रहात आहे, आणि लमकांग माणसांनी स्वतः भाषातज्ज्ञांबरोबर बसून त्यावर काम केलंय. आम्ही तर २०११च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात ७ लाख ९६ हजारांच्या घरात. एवढ्याशा समाजाला जमलं, मग तुम्हांला का नाही? मी मनापासून सांगते, त्यांनी केलं ते थोर आहे, आणि ते त्यांनी स्वतः ठरवून केलं हे सगळ्यांत मोठं. तिकडे बहुतेक समाज ख्रिस्ती झाला, जुन्या विधींचे प्रसंगच मागे पडले. प्रसंग गेल्यावर आवाज तरी धरून ठेवायचा, हे मला पटतं. आमच्याकडे प्रसंग अजून आहे. अजून वैशाखात चौक निघतो. पण तो निघायचा थांबेल तो दिवस आधी कळवून येणार नाही, आणि त्या दिवशी मी मोबाईल काढला तर समोर गाणारी बसलेली असेल का? याचं उत्तर माझ्याकडे नाही. असतं तर हे एवढं लिहिलं नसतं.

त्यात गेल्या लग्नसराईत माझ्या भाचीने एक केलं. खऱ्या लग्नात, धवलेरीच्या डोळ्यांदेखत, तिने मोबाईल भिंतीशी ठेवून रात्रभर रेकॉर्डिंग केलं. धवलेरी काही बोलली नाही. जनरेटरची घरघर आहे, कुणीतरी ताडी मागतंय, एक पोर सारखं रडतंय, आणि त्या सगळ्यातून गाणं चाललंय. ती धवलेरी म्हणजे त्या दिवशी आश्रमशाळेत आत्याच्या मागे झील धरायला आलेल्या दोघींतली एक. देवांची नावं संपताना ती श्वास न घेता पुढच्या ओळीत जाते, तसं आत्या जायची. मी ते पुन्हा पुन्हा ऐकलंय. तुम्हांला ऐकवणार नाही.

भाचीच्या कॉलेजला ती फाईल त्यांच्या संग्रहासाठी हवी आहे. तिने मला विचारलं. मी म्हटलं, गायली तिला विचार. ती विचारून आली. धवलेरीने सांगितलं, "तुझी आत्या शिकलेली हाय, तिला काय वाटतं ते कर."

मोबाईलची मेमरी भरत आली आहे, म्हणून भाचीने काल पुन्हा विचारलं. दे असंही मला म्हणवलं नाही, पुसून टाक असंही नाही. रविवारी मी स्वतः धवलेरीकडे जाणार आहे.