डबी खुळखुळते
आज सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका हॉलमध्ये एचआयव्हीसह जगणारी १८-२० वर्षांची पोरं-पोरी भेटली. आमच्या अभ्यासाची प्रश्नावली त्यांना दाखवायची होती. वाटलं, तासाभरात उरकेल. (पंखा नुसता गरम वारा फेकत होता.)

पहिल्याच पानावर एकीनं पेन चालवला. 'एआरटीच्या (एचआयव्हीवरच्या उपचाराच्या) गोळ्या का चुकवता?' खोडून लिहिलं, 'गोळी कुठं लपवता?' म्हणाली, "सर, हॉस्टेलात डबी खुळखुळती की ओ. मी आत कापूस भरते." इतकी वर्षं या कामात आहे, कापूस कधी सुचला नव्हता. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं गुप्तता दिलीय, पण खोलीतल्या मैत्रिणींना कान आहेतच.

दुसऱ्यानं विचारलं, "निष्कर्ष आम्हाला आधी सांगणार, का थेट छापणार?" मला पटकन उत्तर देता आलं नाही.

मग कडक भाकरी-शेंगाचटणी खातखात उरलेली ९ पानंही खोडली.