कोटेशन ते कंट्रोलर

दारव्ह्यातल्या सौरपंपाच्या दुकानात चार वर्षं मी नुसती कोटेशनं टाइप केली. फोन यायचा, "भाऊ, पंप काहून नाही चालून राह्यला?" मी म्हणायचो, "मेकॅनिक पाठवतो." तो तीन दिवसांनी जायचा. तोवर हरभरा सुकायचा अन् शिव्या मला.

एकदा त्याच्याच गाडीवर मागं बसून गेलो. त्यानं मल्टीमीटर हातात दिला. व्होल्टेज ठीक, करंट मात्र बराच कमी. आभाळ निरभ्र, पॅनेलवर धुळीचा थर! ऊन कमी पोचलं की व्होल्टेज फारसा पडत नाही, करंट पडतो. मग कंट्रोलर, म्हणजे पॅनेलची वीज मोटरला पुरवणारा डबा, मोटरची फ्रिक्वेन्सी उतरवतो अन् मोटर हळू फिरते. पंप बिघडला नव्हता, उपाशी होता.

आता मीच दुरुस्तीला जातो. पगार दोन हजारांनी घटला. आई म्हणते, "पंख्याखालची खुर्ची सोडली येड्यानं."