तुम्ही विचारलंत म्हणून : १०० मेगाटनांचा बॉम्ब का नाही?

प्रश्न नेहमी एकाच वाक्यात येतो. "रशियाने १९६१ मध्ये ५० मेगाटनांचा बॉम्ब फोडला, मग पुढे कुणी १००चा, ५००चा का केला नाही?" उत्तर दिलं की लगेच दुसरा : "म्हणजे जमत नाही?" जमतं. जमत होतं. ३० ऑक्टोबर १९६१ला उत्तर ध्रुवीय समुद्रातल्या नोवाया झेम्ल्या बेटांवर फुटलेला तो बॉम्ब मुळात १०० मेगाटनांचाच आखलेला होता. (एक मेगाटन म्हणजे दहा लाख टन टीएनटीइतकी स्फोटक ताकद, एक किलोटन म्हणजे हजार टनांइतकी.) युरेनियमच्या आवरणाजागी शिसं घालून तो निम्म्यावर आणला गेला. अडचण बनवण्यात नाही, बनवल्यावर त्याचं करायचं काय यात आहे, आणि हे ऐकून घ्यायला कुणी थांबत नाही.

आधी हिशेब. स्फोटाच्या धक्क्याचा पल्ला स्फोटक्षमतेच्या घनमुळाने वाढतो. हिरोशिमाचा बॉम्ब साधारण १५ किलोटनांचा होता. १५ मेगाटनांचा बॉम्ब त्याच्या हजारपट, पण घरं पाडणारा धक्का जातो फक्त दसपट लांब. ५० मेगाटन म्हणजे सुमारे ३,३०० पट, आणि पल्ला जेमतेम पंधरापट. धक्का चहूकडे पसरतो, शहर मात्र जमिनीवर सपाट असतं, त्यामुळे बरीचशी ताकद आकाशात वाया जाते. १० मेगाटनांचा एक बॉम्ब टाकण्याऐवजी १ मेगाटनाचे दहा वेगवेगळे टाकले, तर उद्ध्वस्त होणारं क्षेत्र दुपटीहून जास्त भरतं. लष्करी नियोजन करणाऱ्याला एवढं गणित पुरतं.

मी पूर्वी इथेच थांबायचो, आणि ते चूक होतं. घनमूळ धक्क्याला लागू पडतं, उष्णतेला नाही. स्वच्छ हवेत उष्णता धक्क्याच्या पुष्कळ पुढे पोचते. त्या रशियन बॉम्बने १०० किलोमीटरवरच्या माणसालाही गंभीर भाजलं असतं, असा अंदाज आहे. धुकं, ढग, पृथ्वीची वक्रता यांनी हा आकडा खूप बदलतो, म्हणून नियोजन करणारे त्यावर विसंबत नसत. पण ज्यावर विसंबता येत नाही ते घडणारच नाही, असं मला आता म्हणवत नाही.

मग वजन. तो बॉम्ब २७ टनांचा आणि ८ मीटर लांब होता. तू-९५ विमानात मावेना, म्हणून पोटाचे दरवाजे आणि आतल्या काही टाक्या काढल्या, तरी तो खाली लोंबतच होता. साडेदहा किलोमीटर उंचीवरून तो मोठ्या पॅराशूटला बांधून सोडला. पॅराशूट कशासाठी, तर विमानाला पळून जायला वेळ मिळावा. तरीही मागून आलेल्या धक्क्याने विमान सुमारे एक किलोमीटर खाली आलं. हे ओझं घेऊन, शत्रूची विमानं चुकवत, अमेरिकेपर्यंत कोण जाणार होतं? ते शस्त्र नव्हतं, प्रात्यक्षिक होतं.

पण मला हा विषय रशियाच्या बॉम्बने शिकवला नाही. तो पॅसिफिकमधल्या मार्शल बेटांवर झालेल्या 'कॅसल ब्राव्हो' या अमेरिकी चाचणीने शिकवला, आणि त्याबद्दल कुणी विचारत नाही.

१ मार्च १९५४, पहाट, बिकिनी कंकणद्वीप. अंदाज ६ मेगाटनांचा होता. इंधनातल्या लिथियमपैकी बराच भाग लिथियम-७ या प्रकारचा होता आणि तो निष्क्रिय राहील असं गृहीत धरलं होतं. तो निष्क्रिय राहिला नाही. स्फोट १५ मेगाटनांचा झाला. त्यातली सुमारे १० मेगाटन ऊर्जा युरेनियमच्या विखंडनातून, म्हणजे त्याचे अणू फुटण्यातून, आली, म्हणजे किरणोत्सारी कचराही त्याच मानाने. शिवाय स्फोट जमिनीलगत होता. सुमारे दोन किलोमीटर रुंद खड्ड्यातलं प्रवाळ भुकटी होऊन वर गेलं, कचरा त्या भुकटीला चिकटला आणि खाली यायला लागला. सुमारे ३० किलोमीटरवरच्या बंकरमध्ये स्फोटाची कळ दाबणारे लोक अडकून पडले. शेवटी अंगाभोवती चादरी गुंडाळून हेलिकॉप्टरकडे धावले.

आदल्या रात्री वारे फिरत असल्याच्या नोंदी होत्या. तरी चाचणी झाली.

दीडशे किलोमीटरहून लांब, पूर्वेला, रोंगेलॅप बेटावर काही तासांनी पांढरी भुकटी पडू लागली. मुलं तिच्यात खेळली. ती पाण्यात, अन्नात, केसांत गेली. लोकांना हलवलं ते ३ मार्चला, म्हणजे दोन दिवसांनी. १९५७ मध्ये त्यांना परत आणलं, आणि १९८५ मध्ये त्यांनी स्वतःच बेट सोडलं. त्याच राखेत सापडलेल्या जपानी मासेमारी नौकेवर, 'दाइगो फुकुर्यू मारू'वर, २३ जण होते. त्यांतले रेडिओचालक कुबोयामा आइकिची २३ सप्टेंबरला वारले. २ एप्रिल १९५४ला नेहरूंनी लोकसभेत चाचण्या जिथल्या तिथे थांबवण्याची मागणी केली, ती याच स्फोटानंतर.

घरं पाडणारा धक्का वीसेक किलोमीटरच्या आत संपला होता. राख १८,००० चौरस किलोमीटरवर पडली. महाकाय बॉम्बची खरी मर्यादा मला इथे दिसते : त्याचा जो परिणाम हिशेबात धरता येतो तो जवळ संपतो, आणि जो धरता येत नाही तो सर्वांत लांब जातो. रशियनांनी युरेनियमऐवजी शिसं घातलं ते यामुळेच.

"मग अमेरिकेने ९ आणि २५ मेगाटनांचे बॉम्ब का बाळगले?" नेम चुकायचा म्हणून. क्षेपणास्त्र लक्ष्यापासून किलोमीटरभर चुकत असेल तर मजबूत लक्ष्य फोडायला मेगाटन लागतात. ही चूक निम्मी केली की तेच काम आठव्या हिश्श्याच्या बॉम्बने होतं. मार्गदर्शन सुधारलं आणि मोठे बॉम्ब गेले. दयाबुद्धीचा त्यात काही भाग नव्हता. आजची शेकडो किलोटनांची वॉरहेड, म्हणजे क्षेपणास्त्राच्या टोकावरचे बॉम्ब, एकेका क्षेपणास्त्रावर अनेक बसतात, त्यामुळे "बॉम्ब लहान झाले" हे वाक्य दिलासा म्हणून कुणी वापरलं की मला राग येतो.

मोठ्या बॉम्बचे आणखी काही उपयोग लोक सुचवतात. त्सुनामी उठवण्याबद्दल : समुद्रातल्या स्फोटाच्या लाटा आखूड असतात आणि लवकर विरतात. भूकंपात शेकडो किलोमीटर लांब समुद्रतळ हलतो, त्याची सर येत नाही. कालवे खोदण्याबद्दल : नेवाडात ६ जुलै १९६२ला १०४ किलोटनांनी ३९० मीटर रुंद, १०० मीटर खोल खड्डा पाडला, आणि धूळ कित्येक राज्यांवर गेली. पृथ्वीकडे येणाऱ्या लघुग्रहाजवळ स्फोट करून त्याचा पृष्ठभाग उडवायचा आणि त्या धक्क्याने त्याची वाट वळवायची, हा एकच उपयोग मला पटतो. तिथेही रॉकेटला पेलणाऱ्या वजनाचं बंधन आहेच.

राहिला खोल बंकर फोडण्याचा उपयोग, आणि इथे माझी बाजू लंगडी आहे. ९ मेगाटनांचा बी५३ काढून टाकायचं ठरूनही अमेरिकेने तो पुन्हा ठेवला, कारण जमिनीत खोलवर दडलेल्या ठाण्यांवर दुसरं काही चालत नव्हतं. म्हणजे उपयोग होता. शेवटचा बी५३ ऑक्टोबर २०११ मध्ये अमारिलोजवळच्या कारखान्यात सुटा केला. त्याचं काम आता जमिनीत काही मीटर घुसून फुटणारा, कितीतरी लहान बॉम्ब करतो. हवेत निसटून जाणारी ऊर्जा खडकात जाते, म्हणून कमी क्षमता पुरते. पण काही मीटर खोलीवरचा स्फोट कोंडून राहत नाही. तो माती घेऊन वर येतो, आणि मग ती माती वाऱ्यावर असते.