कार्टर रोडच्या कातळावर: दोन काळ्या गोगलगायी आणि एकच नाव

माघ अमावस्या होऊन दोन दिवस झाले होते. पहाटे पावणेसहाला भाचीला घेऊन वांद्रे स्टेशनबाहेर रिक्षा पकडली आणि उजाडायच्या आधी कार्टर रोडच्या खडकांवर उतरलो. ती प्राणीशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शंख नसलेल्या समुद्री गोगलगायी, म्हणजे सी स्लग, तिने तोवर फोटोतच पाहिल्या होत्या.

वेळेचं आधी सांगतो, कारण सगळं त्यावरच अवलंबून आहे. मुंबईत अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास भरती साधारण दुपारी बाराला आणि मध्यरात्री येते. म्हणून उधाणाची खोल ओहोटी भल्या पहाटे नाहीतर संध्याकाळी मिळते. त्यापुढे दर दिवशी ती पाऊणएक तासाने पुढे सरकते. आमच्या दिवशी पाणी सर्वात खाली सातच्या सुमारास होतं. तुम्ही त्याआधी तास-सव्वा तास पोचा आणि पाणी वळलं की परत फिरा. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, जाऊ नका, हवे ते खडक उघडेच पडत नाहीत.

पहिलाच प्राणी कोरड्या कातळावर चालत होता. खडकाच्याच रंगाचा, पाठीवर पुटकुळ्या. भाचीने लगेच वहीत "न्यूडिब्रँक" (उघड्या कल्ल्यांची सी स्लग) लिहिलं. मी तिला विचारलं, पाण्याबाहेर एवढा आरामात कसा काय? ही पेरोनिया. दिसते डोरिड या न्यूडिब्रँकच्या गटातल्या गोगलगायींसारखी, पण हिला हवेत श्वास घेता येतो, म्हणून ओहोटीत ती उघड्यावर चरते. खरी डोरिड तुम्हाला बहुधा डबक्यात किंवा ओल्या कपारीत सापडेल. पाण्याबाहेर तिचा नुसता लिबलिबीत गोळा होतो आणि त्या गोळ्यावरून काहीच ओळखता येत नाही.

आमची खरी परीक्षा मात्र पुढे होती. गुडघाभर डबक्यात, स्पंज चिकटलेल्या दगडाच्या कडेला, बोटभर लांबीची मखमली काळी गोगलगाय होती.

"मामा, डेंड्रोडोरिस निग्रा! निग्रा म्हणजे काळी."

गेल्या वर्षी मीही अशाच एका काळ्या गोगलगायीला हेच नाव दिलं होतं आणि एका जाणकाराने ते दुरुस्त केलं होतं. याच डेंड्रोडोरिस वंशात फुमाटा नावाची दुसरी जात आहे. निग्रा म्हणजे काळी आणि फुमाटा म्हणजे धुरकट, हे शब्दांचे अर्थ झाले. प्राणी त्या अर्थांना बांधलेले नाहीत. फुमाटा करडी, नारिंगी आणि पूर्ण काळीही असते, तर निग्राच्या पिल्लांना पाठीच्या कडेजवळ लाल पट्टा असतो. या दोघींची इतकी सरमिसळ झाली होती की 1997 मध्ये ब्रॉडी, विलन आणि कॉलिन्स या संशोधकांना त्यांच्यावर स्वतंत्र शोधनिबंध लिहावा लागला. एरवी गोगलगायी ओळखताना जिभेवरच्या दातांची पट्टी कामी येते, पण या वंशात ते दातच नाहीत. स्पंज चोखून खाणाऱ्याला दात कशाला लागतील?

मग बघायचं काय? पाठीच्या मागच्या टोकाचे कल्ले. फुमाटाचे कल्ले मोजके, पाच-सहा, पण मोठे असतात. फुलले की पिसांसारखे अंगाभोवतीच्या झालरीच्या कडेपर्यंत पसरतात. निग्राचे संख्येने जास्त पण छोटे, एकाच जागी बसलेल्या इवल्या मुकुटासारखे. अडचण एकच. सावली पडली, पाणी हललं की दोघीही कल्ले आत ओढून घेतात.

म्हणून टॉर्च विझवला आणि डबक्याकडे पाठ न करता दहा मिनिटं स्वस्थ बसलो. माझ्या मते या छंदात सगळ्यात जास्त शिकवतात ती ही दहा मिनिटं. हळूहळू मागून करडी पिसं बाहेर आली. भाचीने मोजली: पाच, रुंद, कडेपर्यंत. वहीतलं निग्रा खोडून तिने फुमाटा लिहिलं.

फोटो काढताना एक वरून, पूर्ण अंगाचा घ्या. एक डोक्यावरच्या शिंगांचा आणि एक कल्ले फुललेले असताना. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे आकार कळतो. प्राणी उलटा करू नका, बाहेर काढू नका. दगड उचललात तर होता तसाच परत ठेवा, खाली अंड्यांच्या फिती असतात. कागदासारखं पातळ काही झरझर सरकताना दिसलं आणि त्याला कल्लेच नसले, तर तो चपटा कृमी. त्याला तर बोटही लावू नका, फाटतो.

पायात जाड तळाचे, घट्ट बसणारे बूट हवेत. चप्पल नको, कालवांची धार ब्लेडसारखी लागते. खडकांवर झोअँथिडच्या (प्रवाळांच्या नात्यातल्या प्राण्यांच्या) बटणांसारख्या गाद्या पसरलेल्या दिसतील, त्यांच्यावर पाय देऊ नका आणि हातही लावू नका. काही जातींत जहाल विष असतं.

जाता जाता भाचीला सांगितलं, की आपल्या शहराच्या नावाचीही एक गोगलगाय आहे, गोनिओब्रँकस बॉम्बेयानस. विंकवर्थने 1946 मध्ये तिचं वर्णन केलं. नंतर तिला क्रोमोडोरिस म्हणत. 2012 मध्ये डीएनएच्या आधारे त्या कुळाची नव्याने मांडणी झाली आणि गोनिओब्रँकस नाव आलं. हे ऐकल्यापासून ती प्रत्येक कपारीत तिलाच शोधत होती. ती काही भेटली नाही.

भेटली ती दुसरी काळी. चाळीसेक पावलांवर, तशाच मखमली अंगाची, कल्ले आत. पुन्हा बसलो. सव्वासात झाले, पाणी वळलं, घोट्याला लागायला लागलं. कल्ले काही उघडले नाहीत.

"निग्राच असेल ना?" भाचीने विचारलं.

"तुला कल्ले दिसले?"

घरी येऊन तिने आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर दोन्ही नोंदी टाकल्या. पहिलीला पूर्ण नाव दिलं, दुसरीला नुसतं डेंड्रोडोरिस. खाली लिहिलं: कल्ले दिसले नाहीत. पौर्णिमेनंतरच्या ओहोटीला आम्ही त्याच डबक्यापासून सुरुवात करणार आहोत.