धौलपूर हाऊस शोधताना : मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी

लेकीला यूपीएससीच्या मुलाखतीचं पत्र आलं आणि सोबतीला मी निघालो. परभणीहून सचखंड एक्स्प्रेस. जानेवारीचे दिवस, उत्तरेत धुकं. दुपारी पोचायची गाडी नवी दिल्लीला लागली तेव्हा रात्र झाली होती. या दिवसांत मुलाखत असेल तर दोन दिवस हाताशी ठेवूनच निघा. आम्ही ठेवले होते, म्हणून निभावलं.

पहिला घोळ स्टेशनाबाहेरच झाला. ऑटोवाल्याला मी नुसतं ‘महाराष्ट्र सदन’ म्हणालो. दिल्लीत महाराष्ट्र सदनं दोन आहेत. जुनं कोपर्निकस मार्गावर, मंडी हाऊसजवळ. नवं, २०१३ साली उघडलेलं, कस्तुरबा गांधी मार्गावर. आमची खोली जुन्यात आणि आम्ही सामानासकट नव्याच्या दारात. अंतर फार नाही, पण कडाक्याच्या थंडीत, रात्री, बॅगा ओढत ते खूप वाटलं. ऑटोत बसताना सदनाबरोबर रस्त्याचंही नाव सांगा.

दुसऱ्या दिवशी आराम केला आणि संध्याकाळी पाचच्या सुमाराला मी म्हटलं, चल, उद्याचा रस्ता बघून येऊ. यूपीएससीचं कार्यालय शाहजहाँ रोडवर, धौलपूर हाऊसमध्ये. नकाशावर अगदी सोपं दिसतं: कोपर्निकस मार्गानं इंडिया गेटच्या षटकोनी चौकापर्यंत जायचं, चौकाला वळसा घालायचा, शाहजहाँ रोड धरायचा. पण प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाची तयारी चालू होती. चौकाच्या एका बाजूला बॅरिकेड लावलेले. पोलीस म्हणाला, “आगे से घूमके जाइए.” आम्ही वळलो, पुन्हा वळलो, आणि दिशाच हरवली.

त्या भागात चुकणं हे आपल्याकडच्या चुकण्यासारखं नाही. आपल्या गावात माणूस चुकला तर पानटपरीवर विचारतो, तिथं नाही कळलं तर पुढच्या किराणा दुकानात. इथं टपरीच नाही. दोन्ही बाजूंना उंच झाडं, पांढऱ्या भिंती, फाटकावर पहारेकरी, आत कुठंतरी बंगला. हा रस्ता तसाच तो रस्ता. एका पहारेकऱ्याला विचारलं तर म्हणाला, मी महिन्यापूर्वीच इथं आलोय. अंधार पडला, माझ्या फोनची बॅटरी संपत आली, नकाशावरचा निळा ठिपका धड एका जागी थांबेना. लेक गप्प होती. तिचं ते गप्प राहणं मला फार लागलं. २०२५ गुणांपैकी २७५ गुण उद्याच्या खोलीत ठरायचे, आणि मी तिला थंडीत पायपीट करायला लावत होतो.

शेवटी तीच म्हणाली, “बाबा, तुम्ही आता नवीन वळण घेऊ नका. जिकडं गाड्यांचा आवाज आहे तिकडं जाऊ.” तसं चालत गेलो तर दिवे दिसले, दुकानं दिसली. खान मार्केट! तिथल्या एका दुकानदारानं चहा मागवला, कागदावर चार रेघा मारून रस्ता काढून दिला आणि बजावलं, ऑटोवाल्याला धौलपूर हाऊस म्हणू नका, यूपीएससी म्हणा. खरंच, पहिल्याच ऑटोवाल्यानं मान डोलावली आणि काही मिनिटांत आम्ही फाटकासमोर होतो. तिनं फाटक डोळे भरून पाहिलं. मग परत.

त्या पायपिटीतून कळलेली खरी उपयोगाची गोष्ट अशी, की इंडिया गेटजवळचे रस्ते अडवलेले असतील तर त्या चौकाच्या नादी लागूच नका. मंडी हाऊसहून मेट्रोची जांभळी मार्गिका घ्या. जनपथ, केंद्रीय सचिवालय आणि तिसरं खान मार्केट. तिथून ऑटो. सकाळी आम्ही तसेच गेलो. पत्रात नऊची वेळ होती, आम्ही साडेआठला दारात. धुकं इतकं की समोरचं झाड दिसत नव्हतं. आदल्या दिवशी फाटक पाहिलं नसतं तर मी पुन्हा घाबरलो असतो. आणि रस्ता कागदावर लिहून घ्याच. आत मोबाइल चालत नाही, तिनं तो माझ्याकडेच दिला होता. उमेदवार एकटा आला असेल तर बाहेर पडताना त्याला तो कागद लागेल. मूळ प्रमाणपत्रांच्या फाइलमध्येच रेल्वेचं तिकीटही ठेवा, बाहेरगावच्या उमेदवारांना नियमाप्रमाणे भाड्याचा परतावा मिळतो.

पालकांनी पाणी, शाल आणि खायला काहीतरी सोबत घ्यावं. फाटकाबाहेर फुटपाथच आहे. मी तिथं उभा राहिलो, माझ्यासारखेच आणखी काहीजण होते, कुणी बिहारचे, कुणी केरळचे. एकमेकांची भाषा येत नव्हती तरी प्रत्येकाच्या फाटकाकडे वळणाऱ्या नजरेचा अर्थ सगळ्यांना कळत होता.

दुपारी ती बाहेर आली. कसं झालं हे मी विचारलं नाही. ती म्हणाली, “बाबा, भूक लागलीय.” अशोका रोडवरच्या आंध्र भवनात जेवायला गेलो. भात, सांबार, पापड, वाढणारा मागे लागून वाढत होता. तिनं दोनदा भात घेतला.