रीड की ग्रिनेल, व्हाया पाटणादेवी

अमेरिकेतल्या रीड आणि ग्रिनेल या दोन कॉलेजांकडून भाचीला प्रवेश मिळाल्याचं कळलं आणि मग ताईने पाटणादेवीला ओटी बोलली होती हे उघड झालं. एप्रिलचा शेवटचा आठवडा, जळगावात सकाळी नऊलाच झळा लागायला लागलेल्या. अशा उन्हात नवस फेडायला पोरीबरोबर कोण जाणार? मामा. 1 मेच्या आत एका कॉलेजला होकार कळवायचा होता आणि घरात रोज रात्री तोच काथ्याकूट चाललेला. म्हटलं, गाडीत तरी निवांत बोलता येईल.

निघताना आजीने पिशवीत दशम्या कोंबता कोंबता विचारलंच, "बीएस्सीच करनी शे ना, मंग आठे काय कमी शे?"

प्रश्न चुकीचा नाही. मी स्वतः ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो, त्यामुळे लागतोही. पण या लिबरल आर्ट्स कॉलेजांचं, म्हणजे मुख्यतः पदवीपर्यंतच आणि कला-विज्ञान दोन्ही शिकवणाऱ्या छोट्या कॉलेजांचं, एक आहे. नावात आर्ट्स असलं तरी फिजिक्स, केमिस्ट्री तिथे जोरात असतं, आणि पीएच.डी.चे विद्यार्थी नसल्यामुळे प्राध्यापकांना संशोधनात मदतीला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची पोरंच घ्यावी लागतात. मोठ्या विद्यापीठात जे उपकरण काचेतून दाखवतात, त्याला इथे हात लावायला मिळतो.

केळीच्या बागा मागे पडल्या. पाचोऱ्याच्या अलीकडे उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग, भेगाळलेली काळी माती, गच्च्यांवर वाळत घातलेल्या बिबड्या. भाचीने वही काढली.

माझं मत रीडला होतं, ते लपवत नाही. ओरेगनमधल्या पोर्टलंड शहरातल्या या कॉलेजात 1968 पासून 250 किलोवॅटची संशोधन अणुभट्टी आहे आणि ती मुख्यतः पदवीचे विद्यार्थी चालवतात, सरकारी परवाना काढून. साहित्याचा विद्यार्थीसुद्धा तो काढू शकतो! अणुभट्टीची आकृती फळ्यावर काढण्यात मी किती खडू झिजवले असतील, पण प्रत्यक्ष एकही पाहिलेली नाही. शिवाय मागितल्याशिवाय तिथे पोरांना ग्रेड दाखवत नाहीत, जोवर अगदीच घसरत नाहीत. आपल्याकडच्या पालकांना हे सांगून बघा.

"पण पहिलं वर्षभर मानव्यविद्येचा कोर्स सगळ्यांना सक्तीचा," ती म्हणाली. "आणि शेवटच्या वर्षी प्रबंध."

"प्रबंध तर चांगलाच."

"प्रबंधाचं नाही म्हणत मी."

ग्रिनेल आयोवात, मक्याच्या शेतांमधलं छोटं गाव. तिथे पहिल्या सत्रातलं एक ट्युटोरियल सक्तीचं, बाकी मेजर, म्हणजे मुख्य विषय, सांभाळून काय घ्यायचं ते विद्यार्थ्याने आपल्या मार्गदर्शकाबरोबर बसून ठरवायचं. इंटेलच्या संस्थापकांपैकी रॉबर्ट नॉइस इथलेच, 1949 चे पदवीधर. ट्रान्झिस्टरचा शोध नुकताच लागला होता, तेव्हा त्यांच्या फिजिक्सच्या सरांनी, ग्रँट गेल यांनी, तो मिळवून वर्गात आणला होता. हे वाचून मी जरा गप्प झालो. मला आमच्या लॅबसाठी साधा मल्टिमीटर मागवायचा तर तीन अर्ज लागतात.

चाळीसगावला उतरून शेवभाजी खाल्ली, इतकी तिखट की भाचीचं नाक लाल. मग रिक्षाने सतरा-अठरा किलोमीटर. गौताळ्याचं जंगल पानगळीने मोकळं झालेलं, डोंगर उघडेबोडके. ओटी पाच मिनिटांत झाली. खरा वेळ गेला तो शिलालेखापाशी.

भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला, त्याला मिळालेल्या दानाचा हा लेख, इ.स. 1207 चा. बराचसा संस्कृत, शेवटी जुनी मराठी. पाटणात जो माल विकला जाई त्यावरचा राजाचा वाटा "मढा दीन्हला", म्हणजे मठाला दिला. मी फोनवरचं वाचन दगडाशी जुळवत होतो, ती बोटाने 'मढा' शोधत होती.

"बघ," मी शिकवण्याच्या सुरात म्हणालो, "आठशे वर्षांपूर्वीची स्कॉलरशिप. आणि लीलावतीत गणित श्लोकांत. लिबरल आर्ट्स म्हणजे दुसरं काय?"

"नाही मामा, उलटं आहे. आजोबांनी आणि घरातल्यांनी लिहिलेलं शिकवायला काढलेला मठ हा. काय शिकायचं ते आत जाण्याआधीच ठरलेलं." मग थोड्या वेळाने म्हणाली, "ही जुनी मराठी मला आवडली. पण कुणी सक्तीने वर्षभर वाचायला लावली असती ना, तर मी आज बघितलीही नसती."

ती दहावीपासून मराठीचा पेपर कसा उरकायची ते मला माहीत आहे, म्हणून वाद घातला नाही. अणुभट्टीचं एकदा नाव काढून पाहिलं. तिने पाण्याची बाटली पुढे केली.

चाळीसगावच्या फलाटावर रेंज आली तशी तिने ग्रिनेलला होकार पाठवला. एक बटण, बस्स. गाडी पाऊण तास लेट होती.

रात्री घरी आजीला आयोवाचे फोटो दाखवले. क्षितिजापर्यंत मका. आजीने चष्मा वर करून निरखून पाहिलं.

"मक्का ते आपला वावरमा बी शे."